ओम्नीच्या गॅस टाकीतून भूप: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

काम ठरलं. वडिलांच्या जुन्या मारुती ओम्नीला एलपीजी किट होतं. गाडी रीतसर भंगारात गेली, आरसी रद्द झाली, पण टाकी मागच्या पडवीत राहिली. तिच्या दोन्ही टोकांच्या डिश, म्हणजे फुगीर झाकणं, कापून घ्यायच्या आणि त्यांचं वाद्य करायचं. डिशच्या पत्र्यात चिरा पाडून वेगवेगळ्या लांबीच्या जिभा सोडायच्या, प्रत्येक जिभेचा एक स्वर. अमेरिकेत मिशिगनमध्ये डेनिस हॅवलेना यांनी २००७ मध्ये प्रोपेनच्या टाकीचं असं वाद्य केलं आणि कृती सगळ्यांना खुली करून दिली. त्याआधी स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कारागिरांनी २००० साली पोलादी पत्र्याचं ‘हँग’ काढलं होतं, ही कल्पना त्यावरूनच आली. मला आठ स्वर हवेत, भूपाचे. पाचच स्वरांचा राग असल्यामुळे कुठल्याही दोन जिभा एकदम वाजल्या तरी कानाला खुपत नाहीत. शेजारची पोरंसुद्धा येऊन वाजवू शकतील.

टाकी कुठून आणायची हा प्रश्न इथे सुटलेला होता, पण तो महत्त्वाचा आहे म्हणून लिहून ठेवतो. घरातलं १४.२ किलोचं लाल सिलिंडर कापायचं नाही. ते आपलं नसतंच. आपण अनामत भरतो, मालकी तेल कंपनीची राहते. भंगारवाल्याकडे तसं सिलिंडर दिसलं तरी हात लावू नये. गाडीची टाकी आमची होती, आणि तीही गॅस सिलिंडरच्या नियमांत बसते. ती दर पाच वर्षांनी तपासून घ्यावी लागते, आणि बाद झाली की पुन्हा कुणाला गॅस भरता येणार नाही अशी तोडायची असते. हे सगळं बघणारी पेट्रोलियम तथा स्फोटके सुरक्षा संघटना, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. आमच्या टाकीची तपासणीची मुदत कधीच टळून गेली आहे. त्यामुळे तिचे तुकडे होणं हेच योग्य.

ॲसिटिलिनच्या सिलिंडरचा तर विचारही करू नये. त्याच्या पोटात सच्छिद्र भरण असतं आणि त्यात ॲसिटोन मुरलेलं असतं. ते धुऊन निघत नाही.

टाकीवरची पट्टी वाचली: पाण्याच्या मापाने ३५ लिटर. व्यास साधारण ३१५ मिलिमीटर, पत्रा तीन मिलिमीटरच्या आसपास. एका टोकाच्या डिशला पोचे आहेत, दुसरी स्वच्छ. पोचेवाली ‘ब’, स्वच्छ ती ‘अ’. अ वर जिभा, ब तिचं बूड.

आप्पांना विचारलं. आप्पा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाला फॅब्रिकेशनचं दुकान चालवायचे ते मिस्त्री, आता मुलगा बघतो. त्यांनी आधी टाकीवर बोटाने टकटक केली, मग म्हणाले, “भरलेल्या टाकीपरीस रिकामी टाकी वंगाळ. भरलेलीत हवा नसती.”

१९ जानेवारी, रविवार

टाकी गॅस-किट बसवणाऱ्यांच्या वर्कशॉपवर नेली. उरलेला गॅस काढायचं काम घरी करायचं नाही, यावर मी ठाम होतो. टाकीच्या तोंडावर मल्टीव्हॉल्व्ह असतो. त्यात ८० टक्के भरल्यावर गॅस थांबवणारा तरंगता गोळा, काटा, दाब वाढला तर सोडणारा व्हॉल्व्ह आणि विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह असं सगळं एकत्र. इंजिन बंद असलं की विजेचा व्हॉल्व्ह मिटलेला राहतो. म्हणजे गाडी काढली, पाइप सोडला, तरी आतला गॅस आतच. काटा शून्यावर दिसतो तेव्हाही तळाशी द्रव असू शकतो.

आमच्या टाकीत होताच. त्यांनी उरलेला गॅस त्यांच्या यंत्रणेने दुसऱ्या टाकीत ओढून घेतला, मग मागच्या मोकळ्या पटांगणात नेऊन मल्टीव्हॉल्व्हचे स्क्रू सोडले. एलपीजीची वाफ हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, गटारात, विहिरीत, तळघरात उतरून बसते. “अंगणात कॉक उघडून ठेवला, दोन दिवसांत उडून जाईल,” असं म्हणणारे लोक भेटतात. त्या दोन दिवसांत गॅस शेजारच्या गटारातून कुणाच्या न्हाणीघरात निघेल याचा भरवसा नाही.

घरी आल्यावर एक हिशेब मांडला, तो इथे लिहितो, कारण त्यानंतर मला कुणाला समजवायला वेगळं काही लागलं नाही.

हवेत एलपीजीची वाफ साधारण २ टक्क्यांपासून ९.५ टक्क्यांपर्यंत असली की पेट घेते. ३५ लिटरच्या टाकीत २ टक्के म्हणजे ०.७ लिटर वाफ. द्रव एलपीजीची वाफ होताना ती अंदाजे अडीचशे पट फुगते. म्हणजे ०.७ लिटर वाफेला द्रव लागतो तीन मिलिलिटरहून कमी. अर्धा चमचा. एवढा द्रव पत्र्याच्या गंजाच्या पापुद्र्याखाली, वेल्डच्या खाचेत, तळाच्या तेलकट गाळात सहज दडतो. आणि बंद भांड्यात एवढा भडका उडाला की डिश जागची उडते, समोर माणूस असेल तर माणसासकट.

नाकावर विसंबायचं नाही. एलपीजीला वास नसतो, मर्कॅप्टन घालून तो आणलेला असतो. थोडा वेळ त्या वासात राहिलं की नाक मरतं आणि वास गेला असं वाटतं. आणि उलटही होतं: धुतलेल्या टाकीला गॅस नसतानाही महिनोन्महिने वास येतो.

२६ जानेवारी, रविवार

धुण्याचा दिवस. सकाळी झेंडावंदनाला जाऊन आल्यावर आजूबाजूच्या चार घरांत सांगून आलो की आज गॅससारखा वास येईल, घाबरू नका, एजन्सीला फोन करू नका, आणि आमच्या मागच्या बाजूला कुणी विडी-सिगारेट ओढू नका. पलीकडच्या वहिनींनी दुपारपर्यंत त्यांची मागच्या अंगणातली चूल पेटवली नाही, आंघोळीचं पाणी घरात गिझरवर काढलं. त्यांचे आभार.

टाकी आडवी, तोंड वर. नळी तोंडातून थेट तळाला टेकवली आणि हळूहळू पाणी सोडलं. पाणी तळापासून वर चढतं आणि वाफ तोंडातून बाहेर ढकलत नेतं. काठोकाठ भरून वाहू दिलं, मग ओतलं. पुन्हा भरलं. पहिल्या पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि वास असा की डोळ्यांत पाणी आलं.

नुसत्या पाण्याने भागत नाही, हे पहिल्या ओतण्यातच दिसलं. गॅसबरोबर थोडे जड तेलकट अंश येतात, ते वर्षानुवर्षं तळाशी साठतात. काळा चिकट राप. थंड असताना तो निमूट पडून असतो, पण वरून वेल्डिंगची किंवा ग्राइंडरची धग लागली की त्याची वाफ होते. धुतलेली टाकी कापताना फुटली असं ऐकू येतं, तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. म्हणून पुढचं पाणी गरम, त्यात धुण्याचा सोडा आणि भांड्याचा साबण. आत मूठभर खडी टाकून टाकी दोघांनी मिळून मागेपुढे लोळवली. खडी आतून पत्रा घासते. दर वेळी बाहेर पडणारं पाणी कमी काळं होत गेलं. पाणी स्वच्छ दिसायला लागल्यावरही आणखी एक हात सोड्याचा दिला.

तवंगाचं पाणी गटारात नाही सोडलं. कॅनमध्ये भरून ठेवलं, वरचं तेल निथळून गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपात जाईल.

एकाने सुचवलं होतं की ब्रेक साफ करायचा स्प्रे मारून टाक, तेल चुटकीसरशी सुटतं. नको. तसल्या काही स्प्रेंमध्ये क्लोरीनवाला द्रव असतो, त्याचा अंश राहिला आणि नंतर धग लागली तर फॉस्जीन तयार होतो, तो फुफ्फुसं जाळतो. सोडा आणि गरम पाणी सावकाश काम करतात, पण नंतर भीती ठेवत नाहीत. गाडीच्या सायलेन्सरचा धूर टाकीत सोडून हवा हाकलायची, ही जुनी गॅरेजची युक्तीही सोडून दिली. त्या धुरात थोडा प्राणवायू उरतोच, आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो तो वेगळाच.

टाकी पाण्याने भरून तशीच ठेवली. पुढच्या कामापर्यंत ती रिकामी राहायला नको.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला काप. सगळ्या कामात हाच खरा, म्हणून सविस्तर.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने २०१० मध्ये टाक्यांवरच्या वेल्डिंग-कटिंगमुळे झालेल्या मृत्यूंचा अभ्यास करून सात धडे काढले. पहिलाच धडा असा, की जमेल तिथे ठिणगीचं काम करूच नका, दुसरी रीत शोधा. आप्पांनी तो कागद पाहिलेला नाही, पण त्यांचं सांगणंही तेच होतं. “पहिलं तोंड हातानंच पाडायचं. मशीन नंतर.” त्यामुळे आज ग्राइंडर, गॅस कटर, जिगसॉ सगळं दुकानातच ठेवून आलो. जवळ असलं की हात जातो.

अडचण अशी की गाडीच्या टाकीचं तोंड कडेला नसतं, नळकांड्याच्या पोटाला असतं. टाकी उभी केली तर पाणी निम्म्यावरच्या तोंडातून वाहून जातं आणि वरची डिश हवेने भरलेली राहते. नेमकी तीच आपल्याला कापायची. मग क्रम असा लावला:

टाकी आडवी, तोंड वर, पाणी काठोकाठ. ब डिशच्या मधोमध पंच मारून गियरच्या हातड्रिलने चार मिलिमीटरचं भोक, मग आठचं. ड्रिल पत्र्यापलीकडे गेल्याबरोबर पाण्याची धार आप्पांच्या धोतरावर आली. हीच हवी होती. बिट जिथे घुसला तिथे हवा नव्हती, पाणी होतं. भोकात लाकडी खुंटी ठोकून धार बंद केली, तोंडातून पाणी पुन्हा काठोकाठ भरलं. मग तोंडावर रबर टाकून लोखंडी डमी प्लेट मल्टीव्हॉल्व्हच्याच भोकांत स्क्रूने आवळली. आता टाकी पाण्याने गच्च, आणि तरीही बंद नाही, कारण खुंटी कधीही उपसता येते.

दोघांनी मिळून ती उभी केली, ब वर. पाणी धरून पन्नास किलोच्या वर वजन भरलं. खाली जाड लाकडी फळी. खुंटी काढली, पाणी भोकाच्या काठाशी चमकत होतं. भोकात बारीक नळी घालून धार चालू ठेवली. त्या भोकाने दोन कामं केली: वरून पाणी आत येऊ दिलं, आणि पुढे डिशमध्ये हवा जायची वेळ आली तेव्हा तिला वाट दिली.

कापाची रेघ वेल्डच्या दोन बोटं खाली, नळकांड्याच्या सरळ भागावर. कागदाची लांब पट्टी टाकीभोवती गुंडाळून तिच्या कडेने खडूने रेघ ओढली, म्हणजे ती वाकडी जात नाही. मग हॅक्सॉ. बारीक दातांचं ब्लेड, एकाच जागी खोल न जाता दर वेळी हातभर लांबीचा उथळ काप घेत, टाकीभोवती फिरत. ब्लेड पत्र्यातून आरपार गेलं की चिरेतून पाणी पाझरायला लागायचं. पाझर आला की पुढे सरकायचं. त्या पाण्याने ब्लेडही थंड राहत होतं आणि लोखंडाचा भुगा वाहून जात होता.

परीघ जवळजवळ मीटरभर. मी आणि आप्पांचा मुलगा आळीपाळीने करवत ओढत होतो. हा वेळखाऊ, कंटाळवाणा भाग आहे आणि तो असाच असायला हवा. निम्म्याहून जास्त कापल्यावर चिरेतून जाणारं पाणी नळीच्या धारेला आवरेना, पाण्याची पातळी चिरेपाशी येऊन थांबली. इथून वरच्या डिशमध्ये हवा होती. पण तिला वर भोक होतं, कडेने चीर होती, आणि हातात विजेचं काही नव्हतं.

शेवटी चार ठिकाणी अंगठ्याएवढी जागा न कापता ठेवली, नाही तर जड डिश एका बाजूला कलून ब्लेड अडकतं आणि बोटं सापडतात. पाणी काढलं, मग त्या चार जागा एकेक करून कापल्या. ब डिश उचलून बाजूला ठेवली.

आत पाहिलं. तळाच्या बाजूला, जिथे गाडीत टाकी आडवी असताना गाळ साठायचा, तिथे तळहाताएवढ्या भागात काळा थर अजून चिकटलेला होता. नखाने खरवडला तर मेणासारखा निघाला आणि वास आलाच. इतकं गरम पाणी, सोडा, खडी घालूनही. ग्राइंडर लावून सुरुवात केली असती तर ठिणग्यांचा झोत याच थरावर पडला असता.

३ फेब्रुवारी

संध्याकाळी उघड्या टाकीतला तो थर लांब दांड्याचा ब्रश आणि सोडा घेऊन काढला. वायर ब्रशने पत्रा चकचकीत दिसेपर्यंत. दोन्ही तुकडे उन्हात, तोंड खाली करून, विटांवर टेकवून. जड वाफ असलीच तर खालून निघून जावी.

९ फेब्रुवारी, रविवार

कुपवाड एमआयडीसीत काम करणारा मित्र त्यांच्या कारखान्यातलं एलईएल मीटर, म्हणजे हवेतला पेटणारा गॅस मोजणारं यंत्र, परवानगी काढून घेऊन आला. या मीटरवर १०० म्हणजे पेट घेण्याची खालची हद्द. टक्के गॅसचे नाहीत, त्या हद्दीचे असतात. कारखान्यात बऱ्याच ठिकाणी १० च्या खाली असलं तर गरम कामाला परवानगी देतात, असं तो म्हणाला. मला शून्य हवं होतं. तळाशी, वेल्डच्या खाचेला लागून, तोंडाच्या जाड कड्याच्या आत, सगळीकडे नळी फिरवून शून्य आलं. टाकी उन्हात तापलेली असताना मुद्दाम परत घेतलं, कारण थंडीत दडलेला गॅस उन्हात बाहेर येतो. तेव्हाही शून्य.

या मीटरची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: त्याला मोजायला प्राणवायू लागतो. बंद टाकीत गॅस ठासून भरलेला असेल आणि हवाच नसेल तर ते चुकीचं कमी दाखवू शकतं. आमचं भांडं उघडं होतं, म्हणून आकड्यावर विश्वास ठेवला. स्वयंपाकघरात लावायचा गॅस अलार्म या कामाला चालत नाही, तो वाजला तर उपयोगी, वाजला नाही तर काहीच सांगत नाही.

मग अ डिश ग्राइंडरने कापली. उघडं तोंड माणसांपासून लांब, वाऱ्याच्या दिशेने. शेजारी वाळूची बादली आणि पावडरचं अग्निशामक. अंगात सुती कपडे, पायात बूट, डोळ्यांना गॉगल, तोंडाला मास्क, कारण रंग जळतो त्याचा धूर वाईट. रेघेच्या दोन्ही बाजूंचा रंग आधी खरवडून काढला होता. काही मिनिटांत काम झालं. हाताने अर्धा दिवस लागलेला काप आणि हा काप, फरक डोळ्यांसमोर आहे, आणि तरी क्रम उलटा करण्यासारखा नाही.

मधलं नळकांडं आप्पांच्या मुलाला दिलं. तो त्याची शेगडी करणार आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आता वाद्याकडे.

एका टोकाला धरलेली पट्टी किती वेगाने कंप पावते हे तिच्या लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असतं. लांबी दुप्पट केली तर स्वर दोन सप्तकं खाली जातो. एक सप्तक वर जायला लांबी ०.७ पटीच्या जरा वर. तीन मिलिमीटर पोलादासाठी हिशेब केला तर दहा सेंटिमीटरच्या जिभेला सुमारे २४० हर्ट्झ येतात. हा आकडा बघून आनंद झाला, कारण सा २४० धरला की भूपाचे सगळे स्वर पूर्णांकांत येतात: रे २७०, ग ३००, प ३६०, ध ४००, तार सा ४८०. त्याच्या वर तार रे ५४० आणि खाली मंद्र ध २००. आठ जिभा झाल्या.

पेटीवरून जुळवायचं नाही, हे आधीच ठरवलं. समान अंतराच्या पेटीत सा २४० असेल तर ग ३०२ च्या पुढे जातो आणि ध ४०३ च्या. भूपात ग वादी आणि ध संवादी, म्हणजे रागातले सगळ्यात महत्त्वाचे दोन स्वर. बरोबर तेच दोन स्वर चढे राहिले तर त्या रागाचं काय उरलं? म्हणून जुळवणी तानपुऱ्यावर.

डिशवर मार्किंग केलं. जिभांचं मूळ कडेला, टोक मध्याकडे. लांब आणि आखूड जिभा आलटून पालटून ठेवल्या म्हणजे मध्यावर टोकांची दाटी होत नाही, आणि सगळ्या लांब जिभा एका बाजूला आल्या असत्या तर तो भाग लवचिक होऊन सगळेच स्वर उतरले असते. हिशेबाच्या लांबीपेक्षा प्रत्येक जीभ पाच मिलिमीटर आखूड आखली. आखूड जीभ चढी लागते, आणि चढा स्वर उतरवणं सोपं: चीर जरा पुढे न्यायची. उतरलेला स्वर चढवायला जिभेचं टोक कानशीने झिजवून वजन कमी करावं लागतं, आणि त्याला लवकरच मर्यादा येते.

२३ फेब्रुवारी, रविवार

प्रत्येक चिरेच्या दोन्ही टोकांना आधी ड्रिलने गोल भोक. चीर टोकदार संपली तर तिथून पत्र्याला तडा जातो, गोल भोकात तो थांबतो. मग जिगसॉ, लोखंडाचं बारीक दातांचं ब्लेड, वेग कमी, थेंब थेंब कटिंग ऑइल. डिश उलटी करून आत वाळूची पिशवी भरली, नाही तर सगळं भांडं थरथरतं आणि कानठळ्या बसतात.

दुपारी सतारमेकर गल्लीतले चाचा आले. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या गल्लीच्या हातांना मिळालं. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचं काम कमी झालं तेव्हा एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्यांकडे वळले. त्यामुळे गॅसच्या टाकीतून वाद्य ऐकून चाचांना नवल वाटलं नाही. ते म्हणाले, “लोखंडातच आमचे हात आधी होते.”

त्यांनी तानपुरा २४० ला लावला आणि डोळे मिटून बसले. मी जीभ वाजवायची, ते “चढा”, “अजून चढा”, “थोडा”, “बस” म्हणायचे. मोबाइलवरचा ट्यूनर शेजारी होता. दहा सेंटिमीटरच्या जिभेची चीर एक मिलिमीटर वाढली की स्वर पाचेक हर्ट्झ उतरतो. तार सा च्या आखूड जिभेला तेवढ्याच मिलिमीटरात तेरा-चौदा उतरतात. म्हणून लांब जिभा जिगसॉने, आखूड जिभा हॅक्सॉचं सुटं ब्लेड हातात धरून. शेवटच्या केसाएवढ्या फरकासाठी चीर लांबवायची नाही, जिभेच्या पोटाला छोटं लोहचुंबक चिकटवायचं. ते टोकाकडे सरकवलं की स्वर उतरतो, मुळाकडे नेलं की चढतो.

गंधाराला सगळ्यात जास्त वेळ गेला. ट्यूनर ३०१ दाखवत होता आणि मी सोडून द्यायला तयार होतो. चाचा म्हणाले, तानपुऱ्याची खर्जाची तार ऐक, तिच्यात गंधार आपोआप बोलतो, त्यात तुझा मिसळतो का बघ. चुंबक थोडं टोकाकडे सरकवलं. मिसळला. जीभ वाजवली की तानपुरा तिला ओढून घेत होता, दोन आवाज वेगळे काढता येईनात. कान एवढं ऐकतो हे मला माहीत नव्हतं.

एका जिभेवर बोटाने मारलं की शेजारच्या न मारलेल्याही हळूच गुणगुणतात. सा मारला की तार सा सगळ्यात जास्त.

२ मार्च, रविवार

अ आणि ब डिश एकमेकींवर, मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी, कडेला कोन लावून नट-बोल्ट. वेल्ड मुद्दाम केलं नाही. वेल्डच्या धगीने पत्रा ताणतो आणि जुळवलेले स्वर हलतात, शिवाय चुंबकं सरकवायला कधीही उघडता आलं पाहिजे. ब च्या मध्यावरचं आठ मिलिमीटरचं भोक होल-सॉने हाताचा पंजा जाईल एवढं मोठं केलं. आतली हवा तिथून मोकळी होते आणि मंद्र ध ला पोट येतं. बुडाला रबराचे तीन पाय.

रंग अजून दिलेला नाही. रंगाच्या थराचं वजन जिभांना लागतं आणि स्वर उतरतात, म्हणून आधी खालच्या बाजूला पातळ थर देऊन, वाळवून, पुन्हा मोजणार. वरच्या बाजूला नुसतं तेल चोळलेलं बरं, असं चाचांचं मत आहे.

तार रे ची जीभ जोरात मारली की किरकिरते. चिरेची कड एका ठिकाणी शेजारच्या पत्र्याला घासते आहे. तिथे पातळ कानस फिरवायची आहे.

आप्पांच्या दुकानात आता एक पाटी लागली आहे, मुलाने रंगवलेली: कापायला आलेली टाकी धुतलेली असो वा नसो, आधी पाणी भरा. खाली दुसरी ओळ: सिलिंडर आणू नये.

पुढचं काम: त्यांच्याकडे एक शेतकरी बुलेटची जुनी पेट्रोलची टाकी घेऊन आला आहे, तिचा कोनाड्यातला दिवा करायचाय म्हणून. पेट्रोलची वाफ दीड टक्क्यालाच पेट घेते, एलपीजीपेक्षाही आधी, आणि त्या टाकीच्या आत घड्या आणि जोड जास्त असतात. रविवारी सोडा आणि गरम पाण्यापासून सुरुवात.